करायला लावणे, करू देणे, करायला सांगणे: ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-शब्दकोशाचे एका वाक्यरचनेपुरते परीक्षण

इंग्रजी बऱ्यापैकी लिहिता येऊ लागल्यानंतरही मराठी माणसाच्या लेखनात काही चुका चिवटपणे टिकून राहतात, आणि त्यांतील मोठा वाटा एकाच वाक्यरचनेचा असतो. एखाद्याला काही करायला लावणे, करू देणे, करायला सांगणे किंवा त्याच्याकडून काही करवून घेणे, असा आशय इंग्रजीत मांडताना आधी मुख्य क्रियापद, मग ती व्यक्ती आणि मग दुसरे क्रियापद येते. या दुसऱ्या क्रियापदाचे रूप कोणते, त्याच्याआधी ‘टू’ हवा की नको, आणि मुळात ही रचना त्या क्रियापदाला चालते की नाही, हे प्रत्येक क्रियापद स्वतंत्रपणे ठरवते. नियम पाठ करून हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. त्यासाठी हाताशी चांगला शब्दकोश लागतो. ऑक्सफर्डचा प्रगत विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश या कामी कितपत उपयोगी पडतो, एवढेच येथे तपासले आहे. आधार मुख्यतः त्याच्या विनामूल्य संकेतस्थळ-आवृत्तीचा आहे.

या शब्दकोशाचा जन्मच वाक्यरचनेच्या चिंतेतून झाला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी दोन सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. परभाषक विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ कळला तरी वाक्य बांधता येत नाही, हे ओळखून त्यांनी क्रियापदांच्या रचनांचे 25 क्रमांकित नमुने ठरवले आणि कोणते क्रियापद कोणत्या नमुन्यात बसते हे नोंदीतच दाखवले. कल्पना फार मोलाची होती, पण क्रमांक पाहून पुन्हा प्रस्तावनेतील तक्ता शोधण्याचा कंटाळा करणारा वाचक त्या खजिन्यापर्यंत पोहोचतच नसे. आजच्या आवृत्तीत संकेतांच्या जागी सरळ शब्द आले आहेत. ‘मेक समबडी डू समथिंग’, ‘गेट समबडी टू डू समथिंग’, ‘वॉन्ट समबडी टू डू समथिंग’ अशी सूत्रे ठळक अक्षरांत उदाहरणांच्या शेजारी दिसतात आणि ती समजण्यासाठी व्याकरणाची कोणतीही परिभाषा लागत नाही. माझ्या मते या कोशातील ही सर्वांत हितकारक सुधारणा आहे.

तिचे मोल मराठी वाचकाला अधिक जाणवावे, याला कारण आहे. आपल्या ‘रडायला लावले’ या प्रयोगात ‘रडायला’ हे रूप ‘टू क्राय’ या रूपाशी इतके सहज जुळते की ‘ही मेड हर टू क्राय’ असे वाक्य हातून आपोआप लिहिले जाते. इंग्रजीत ‘मेक’ या क्रियापदाला येथे ‘टू’ खपत नाही; ‘ही मेड हर क्राय’ हेच शुद्ध. ‘लेट’ आणि ‘हॅव’ यांचीही तीच रीत. उलट ‘गेट’, ‘आस्क’, ‘टेल’, ‘अलाउ’, ‘फोर्स’, ‘पर्सुएड’ यांना ‘टू’ अनिवार्य आहे, तर ‘हेल्प’ दोन्ही बाजूंनी चालते. कोशाच्या सूत्रांत हा फरक डोळ्यांसमोर येतो. ‘मेक’ आणि ‘गेट’ यांची सूत्रे एकाखाली एक लिहून पाहिली, तर एका ‘टू’पुरता भेद वेगळे स्पष्टीकरण न देताही मनावर ठसतो.

कर्मणी प्रयोगाच्या बाबतीतही हा कोश बऱ्याच प्रमाणात साथ देतो. ‘मेक’ कर्मणीत गेले की हरवलेला ‘टू’ परत येतो: ‘दे मेड हिम वेट’, पण ‘ही वॉज मेड टू वेट’. ही सूक्ष्म गोष्ट नोंदीतील उदाहरणांतून लक्षात येते. परवानगीच्या अर्थाने ‘लेट’ कर्मणीत वापरू नये, अशी खूण त्या नोंदीत आहे. तेथे ‘वॉज अलाउड टू’ वापरणेच योग्य. मात्र नकाराचे स्थान सूत्रात दिसत नाही. ‘आय टोल्ड हिम नॉट टू गो’ म्हणजे जाऊ नकोस असे बजावले. ‘आय डिड नॉट टेल हिम टू गो’ म्हणजे जा असे सांगितलेच नाही. कार्यालयीन पत्रात या दोहोंची अदलाबदल झाली तर जबाबदारी भलत्याच्याच माथी येऊ शकते. तेव्हा सूत्रांच्या शेजारी अशी नकारार्थी जोडी ठळकपणे असायला हवी होती.

मौनातून बोलणाऱ्या नोंदी हा या कोशाचा थोडा अवघड भाग आहे. ‘सजेस्ट’ उघडले तर त्याच्यापुढे ‘दॅट’ घेऊन येणारे उपवाक्य आणि ‘-इंग’ प्रत्ययाचे रूप अशा रचना सापडतात. व्यक्ती आणि तिच्यामागे ‘टू’ ही रचना सापडत नाही. ‘त्याने मला थांबायला सुचवले’ हे मराठीत स्वाभाविक असल्यामुळे ‘ही सजेस्टेड मी टू वेट’ असे लिहिणारे असंख्य आहेत, आणि ते चूक आहे. ‘ही सजेस्टेड दॅट आय वेट’ असे लिहावे, किंवा क्रियापदच बदलून ‘ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टू वेट’ असे म्हणावे. ‘से’ आणि ‘डिमांड’ यांनाही व्यक्तीसह ही रचना चालत नाही: ‘ही सेड मी टू वेट’ चूक, ‘ही टोल्ड मी टू वेट’ बरोबर. आपले ‘सांगणे’ या सर्वांना पुरून उरते, म्हणून घोटाळा होतो. नोंदीत जी रचना नाही ती बहुधा भाषेतही चालत नाही, हा वाचनाचा संकेत अनुभवी वाचकाला ठाऊक असतो. नवख्याला तो कोणीतरी सांगावा लागतो.

अर्थाच्या बाजूने एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तीच या कोशात विखुरलेली आहे. या क्रियापदांपैकी काहींत काम प्रत्यक्ष घडल्याची हमी असते, काहींत नसते. ‘आय आस्क्ड हर टू साइन’ एवढ्यावरून तिने सही केली की नाही हे कळत नाही. ‘आय गॉट हर टू साइन’ म्हटले की सही झालीच. मराठीत ‘सही करायला सांगितले’ आणि ‘सही करवून घेतली’ यांत हाच फरक आहे, त्यामुळे येथे आपल्याला अडचण येऊ नये. अडचण येते ती ‘पर्सुएड’ या क्रियापदाशी. ‘मी त्याला खूप समजावले, पण त्याने ऐकले नाही’ हे आपण सहज म्हणतो आणि ‘समजावले’च्या जागी ‘पर्सुएडेड’ ठेवून मोकळे होतो. इंग्रजी वाचकाला मात्र ते वाक्य स्वतःलाच खोडून काढणारे वाटते, कारण ‘पर्सुएड’मध्ये समोरचा तयार झाल्याचा अर्थ आधीच आहे, ‘ट्राइड टू पर्सुएड’ म्हटले तरच वाक्य उभे राहते. कोशातील व्याख्या बारकाईने वाचली तर हे उमगते. परंतु सांगणे, विनवणे, बजावणे ही क्रियापदे एका बाजूला आणि लावणे, पटवणे, करवणे ही दुसऱ्या बाजूला, असा एखादा एकत्रित तक्ता असता तर शिकणाऱ्याचे किती कष्ट वाचले असते.

या उणिवेचे मूळ कोशाच्या मांडणीत आहे. शब्दकोश शब्दाशब्दाने चालतो आणि ही रचना मात्र अनेक शब्दांना जोडणारी आहे. ‘मेक’, ‘गेट’ आणि ‘हॅव’ या तिन्ही नोंदी अतिशय लांब असून त्यांत हवे ते सूत्र इतर अनेक अर्थांच्या गर्दीत बसलेले असते. संगणकावर ते ठीक आहे. भ्रमणध्वनीच्या छोट्या पडद्यावर बोट दमते. शिवाय ज्याला या क्रियापदांचे परस्परांशी नाते आहे हेच ठाऊक नाही, तो ‘हॅव’ उघडून ‘हॅव समबडी डू समथिंग’ शोधायला जाणारच नाही. वास्तविक ‘मेक’मध्ये दाब किंवा अपरिहार्यता असते, ‘गेट’मध्ये प्रयत्न किंवा मनधरणी, आणि ‘हॅव’मध्ये काम सोपवण्याचा सहज अधिकार. ‘आय हॅड द असिस्टंट कॉल यू’ या वाक्यात साहाय्यकाने नकार दिला असता अशी शक्यताही डोकावत नाही. हे तिन्ही रंग शेजारी ठेवल्याशिवाय नीट दिसत नाहीत.

‘हॅव’च्याच नोंदीत वस्तूसह येणारी आणखी एक रचना आहे आणि तिला कोशाने चांगला न्याय दिला आहे. ‘शी हॅड हर हेअर कट’ म्हणजे तिने केस कापून घेतले. पण ‘शी हॅड हर बॅग स्टोलन’ म्हणजे तिची पिशवी चोरीला गेली. सांगाडा एकच, पण पहिल्यात इच्छा आहे आणि दुसऱ्यात आपत्ती. हे दोन अर्थ कोशाने स्वतंत्र मांडले आहेत, त्यामुळे दुसऱ्या वाक्याचा ‘तिने पिशवी चोरवून घेतली’ असा विपरीत अर्थ लावण्याची वेळ येत नाही.

ज्यांना सोपे इंग्रजी वाचून समजते आणि अधिकृत पत्रे, अहवाल किंवा भाषांतरे लिहावी लागतात, त्यांना मी हा कोश या रचनेपुरता निःशंकपणे सुचवेन. अगदी नवशिक्यांना मात्र एकटा हा कोश पुरणार नाही, कारण व्याख्याही इंग्रजीतच आहेत. त्यांनी सोबत व्याकरणाचे एखादे मराठीतून समजावणारे पुस्तक ठेवावे. आणि दोघांनीही एक वही घालून तिची दोन पाने करावीत: एकावर ‘टू’ घेणारी क्रियापदे, दुसऱ्यावर न घेणारी, प्रत्येकापुढे कोशातील सूत्र आणि काम घडल्याची हमी आहे की नाही याची एका शब्दात नोंद.