शिंगट्यासाठी गांडूळ की कोंबडीची आतडी?

शिंगटा या मिशाळ माशाचा नाद लागलेला माणूस दोन ठिकाणी हमखास सापडतो. एक तर गोठ्यामागे खुरपे घेऊन उकिडवा बसलेला, नाहीतर चिकनच्या दुकानाच्या मागच्या दाराशी पिशवी धरून उभा. मी दोन्हीकडे भरपूर वेळ घालवला आहे. सात-आठ वर्षे सुट्टीच्या दिवशी उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवण ते पळसदेव या पट्ट्यात गळ टाकतो. पोट त्यावर नाही, तेव्हा पुढचे सगळे एका हौशी माणसाचे म्हणणे समजून वाचा. कणकेच्या गोळ्या आणि पेंड यांचा विषय इथे काढत नाही. ते रोहू-कटल्याचे खाणे.

गांडुळाला नाव ठेवायचे माझ्या जिवावर येते. लहानपणी ओढ्यावर पहिला मासा लागला तो गांडुळालाच. फुकट मिळते, हाताला घाण वास राहत नाही, आणि शिंगट्याला ते ओळखीचे असते. पहिल्या पावसात ओढ्यांच्या लाल पाण्याबरोबर गांडुळे वाहून येतात, तेव्हा तो काठाजवळ त्यांच्यावरच टपलेला असतो. शोधायची जागा तुम्हाला सांगायला नकोच: मोरीचे पाणी मुरते तिथे, केळीच्या खुंटापाशी, उसाच्या पाचटाखाली. अर्धा तास उकरले की संध्याकाळची बेगमी होते. काही जण साबणाचे पाणी ओतून त्यांना वर काढतात. निघतात पटापट, पण तो वास गळापर्यंत जातो असे मला वाटते, म्हणून मी खुरप्यावरच आहे. डब्यात त्याच जागेची माती घालायची, वर ओले गोणपाट ठेवायचे. दोन-तीन दिवस काही होत नाही.

एकदा आळस केला आणि मित्राच्या गांडूळखताच्या बेडमधून ओंजळभर तांबडी गांडुळे उचलली. ती बारीक असतात आणि गळ टोचला की पिवळट, उग्र वासाचे पाणी सोडतात. त्यांना काही लागलेच नाही असे म्हणणार नाही, पण मातीतल्या जाड, काळपट गांडुळाची सर नाही. विकत घ्यायचा विचार असेल तर आधी चार फुकट मागून बघा.

कोंबडीच्या आतड्यांकडे मी उशिरा वळलो. सुरुवातीला खरे तर कलेजी वापरायचो. वासाच्या बाबतीत कलेजीला तोड नाही. शिंगट्याच्या लांब मिशा म्हणजे त्याची जीभच. गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा चवीवर आणि वासावर चालतो, आणि कलेजीचे रक्त पाण्यात लांबवर पसरते. पण रॉड मागे नेऊन जोरात फेकला की गळ एकीकडे आणि कलेजी दुसरीकडे. शिवणाच्या दोऱ्याने गुंडाळून पाहिली, जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून पाहिली. होडीतून सरळ खाली सोडणार असाल तर ठीक आहे. काठावरून लांब फेकणाऱ्याने त्या फंदात पडू नये. शिवाय कलेजीला पैसे पडतात, आणि घरी ती कढईत जास्त शोभते.

आतड्यांचे तसे नाही. ती चिवट असतात. आतली घाण बोटांनी दाबून काढायची आणि फार धुवायचे नाही, नाहीतर वासच निघून जातो. भरपूर जाडे मीठ चोळून रात्रभर ठेवली की आणखी आवळतात. मग चार बोटांचा तुकडा गळावर तीन-चार वेळा टोचून घ्यायचा आणि शेवटी एक शेपूट लोंबते सोडायचे. कितीही जोरात फेका, सुटत नाही.

इथपर्यंत दोघांचे पारडे सारखे म्हणता येईल. मला निर्णय घ्यायला लावला तो चिलापी (तिलापिया) माशाने.

उजनीला बसलेल्या कोणालाही विचारा. मूळची आफ्रिकेतली ही जात 1952 मध्ये भारतात आली आणि आता आमच्या काठावर पाणी कमी, चिलापी जास्त अशी गत आहे. खायला वाईट नाही, भिगवणच्या बाजारात तिच्यावर कितीतरी घरे चालतात, त्यामुळे तिला शिव्या देताना जरा जपूनच देतो. पण गांडूळ लावले की शिंगट्याच्या आधी ती पोचते. टक, टक, टक. तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा थरथरतो, आपण झटका देतो, वर येतो तो रिकामा गळ. पुन्हा गांडूळ, पुन्हा टक टक. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी मी चाळीसेक गांडुळे घेऊन बसलो होतो. दिवस मावळायच्या आत डबा रिकामा. हाती काय, तर तळहाताएवढ्या सहा चिलाप्या. त्यातल्या दोन गळ इतका खोल गिळून बसल्या होत्या की तो काढण्यात माझा अर्धा तास गेला. आणि अंधार पडला, शिंगटा काठाकडे यायची वेळ झाली, तेव्हा माझ्याकडे लावायला काही नव्हते.

माझ्यापासून वीस पावलांवर एक काका बसले होते. दुपारपासून त्यांनी आमिष बदललेले मी पाहिले नव्हते. मीठ लावलेल्या आतड्याचा एक तुकडा, जाड शिसे, आणि तोंडात तंबाखू. चिलापी त्यांच्याकडेही ओढाओढ करत होती, पण तिच्याने तो तुकडा सुटत नव्हता. साडेसातच्या सुमारास त्यांचा तंगूस थरथरला नाही, नुसता सरळ आत चालू लागला. दीड किलोच्या आसपासचा शिंगटा होता. मी काट्यावर ठेवला नाही, पण पिशवी धरून पाहिली. जाताना त्यांनी उरलेले दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले. त्या दिवसापासून माझ्याकडे आतड्यांची बरणी असते.

तोटेही आहेत, ते लपवत नाही. बरणी फ्रीजमध्ये ठेवायचे नाव घरात काढता येत नाही. ती गच्चीवर, उलट्या घमेल्याखाली, वर दगड ठेवून असते. तरी मांजर येऊन जाते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिली तर पुढचा आठवडा डिकी उघडवत नाही. आणि भाकरी सोडायच्या आधी साबणाने हात धुवा. तिथे गांडुळासारखा निष्काळजीपणा चालत नाही.

शिवाय आतडी मिळणे पंचांगावर अवलंबून. श्रावणात आमच्याकडे चिकनचे दुकान निम्मे दिवस ओस असते, मंगळवार-गुरुवारी तर बाराही महिने मंदी. गंमत अशी की श्रावणातच गांडुळे पावलोपावली सापडतात, आणि वैशाखात जमीन दगडासारखी होऊन ती हातभर खाली जातात तेव्हा कोंबडीचा खप जोरात असतो. त्यामुळे श्रावणात मीही निमूटपणे खुरपे उचलतो. तेव्हा पाणी लाल असते, चिलापीचा त्रासही मला कमी जाणवतो, आणि गांडुळाला चांगले शिंगटे लागलेले आहेत. तसेच तुम्ही रात्री नऊनंतरच बसणार असाल तर चिलापी बहुतेक गप्प झालेली असते, मग गांडूळ घेतले तरी बिघडत नाही. लहान मुलाला सोबत नेणार असाल तर गांडूळच न्या. त्याला टक टक हवी असते, तासभर गप्प बसायला नको असते.

एक बाजूची गोष्ट. कोंबडीची घाण म्हटले की या भागात लोकांना बंदी असलेला आफ्रिकन मांगूर मासा आठवतो. चोरून चालणाऱ्या तळ्यांत तो याच कचऱ्यावर पोसला जातो. सरकारने 2000 मध्ये त्याच्यावर बंदी घातली. तेव्हा दुकानदाराने ‘कशाला पाहिजे’ म्हणून संशयाने पाहिले तर रागावू नका, रॉड दाखवा. मला पहिल्यांदा दाखवावा लागला होता. आणि पाव किलोच्या वर मागू नका, तेवढ्यात दोन सुट्ट्या निघतात. काठावर उरलेली आतडी तशीच टाकून येऊ नका, कुत्री मागे लागतात आणि दुसऱ्या दिवशी बसणारा आपल्याला शिव्या देतो.

बाकी काठ, पाणी, हवामान तुमचे वेगळे असेल. चिलापी नसलेल्या तळ्यावर बसत असाल तर माझे निम्मे म्हणणे सोडून द्या. पण उजनीला आणि दिवसाउजेडी बसायचे असेल तर शनिवारीच दुकानदाराच्या कानावर घालून ठेवा आणि रविवारी सकाळी नऊच्या आत पोचा. दहानंतर आतडी आणि पिसे एकाच पिंपात गेलेली असतात, आणि ती निवडत बसण्यापेक्षा गांडुळे उकरलेली परवडतात.