आरटीएक्स ३०५० (६ जीबी) ग्राफिक्स कार्ड: एक पावसाळा वापरल्यावर

गणपतीच्या आठवड्यात कार्डाचा पंखा खरखरायला लागला. आधी सुरू होताना दोन-चार सेकंद घासल्यासारखा आवाज यायचा आणि मग गप्प व्हायचा. पुढं तो थांबेचना आणि तापमान ८० अंशांच्या वर जायला लागलं. कार्ड तीन वर्षांच्या वॉरंटीत होतं, बिल जपून ठेवलं होतं. म्हणून खोक्यात घालून बेळगावला सर्व्हिसला नेलं.

काउंटरवरच्या पोरानं बिल उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "काका, बिल कोल्हापूरचं आहे. तिकडंच द्यायला लागतंय."

मला भयंकर राग आला. वॉरंटी ही ग्राफिक्स कार्डाच्या सिरियल नंबरवर असते, दुकान कुठल्या राज्यात आहे त्यावर नाही. खानापूर-निपाणीकडची आम्ही माणसं कपडे, दवाखाना, सोयरीक सगळं कोल्हापूरपर्यंत करतो. ज्योतिबाहून येताना तिथं दोन पैसे स्वस्त मिळालं म्हणून कार्ड घेतलं, जीएसटी १८ टक्के भरला. तो इकडंही तेवढाच आहे. मग पंख्यासाठी परत शंभरावर किलोमीटर का जायचं? घरी येऊन आयातदाराला मेल टाकला, सिरियल नंबरचा फोटो जोडला. कुठल्याही केंद्रावर जमा करता येईल, असं उत्तर आलं. त्याची प्रिंट काढून त्याच काउंटरवर ठेवली, तेव्हा कुठं पावती फाडली. पितृपक्ष संपता संपता नवा पंखा बसून कार्ड परत आलं.

आता कार्डाबद्दल. आमचा कॉम्प्युटर ऑफिसातून निघालेला जुना टॉवर आहे. आठव्या पिढीचा आय५, २६० वॉटचा पॉवर सप्लाय, आणि त्यातून ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वायरच निघत नाही. इथंच निम्मी कार्डं बाद होतात. एएमडीचं आरएक्स ६६०० चांगलंच वेगवान, पण १३२ वॉट खातं आणि त्याला आठ पिनची वायर लागते. आरएक्स ६४०० वायरीशिवाय चालतं, पण मेमरी ४ जीबीच आणि व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे कापलेल्या शूटिंगची फाइल झटपट बनवणारा भाग, त्यात नाही. मला दर शिवजयंतीला चित्ररथांचं शूटिंग कापून गल्लीतल्या मंडळाला द्यायचं असतं, एन्कोडर नसलेलं कार्ड घेऊन काय करू? इंटेलचं ए३८० रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या जुन्या बोर्डावर मागं पडतं. राहिलं हे. ७० वॉट, सगळी वीज मदरबोर्डवरच्या कार्डाच्या स्लॉटमधूनच. स्लॉट ७५ वॉट देतो, म्हणजे जेमतेम बसतं, पण बसतं.

या ७० वॉटवर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण रिव्ह्यूवाले गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम येतात ते मोजतात आणि बिलाकडं कोणी बघत नाही. याच नावाचं ८ जीबीवालं कार्ड १३० वॉटचं आहे. फरक ६० वॉटचा. रोज सहा तास पूर्ण ताणावर चालवलं तर महिन्याला अकराएक युनिट होतात. कर्नाटकात गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत २०२२-२३ च्या सरासरी वापरापेक्षा दहा टक्के जास्त, एवढीच वीज फुकट आहे. त्याच्या वर गेलं की वरचे पैसे भरायचे, २०० युनिट ओलांडले तर पूर्ण बिल. आमची सरासरी नव्वदच्या आसपास, म्हणजे मोकळीक नऊ युनिटची. मोठ्या कार्डानं ती एकट्यानं खाल्ली असती. शिवाय पावसाळ्यात करंट कधी जाईल याचा नेम नसतो. पूर्ण टॉवर आणि मॉनिटर मिळून साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर दहाएक मिनिटं तग धरतात. तेवढ्यात फाइल सेव्ह होते, छोटा एक्स्पोर्ट असेल तर पूर्णही होतो. सतरा हजारांच्या आत बसलेल्या कार्डात मला याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं.

वेगाचं थोडक्यात. व्हॅलोरंट, जीटीए ५ हे १०८० पी वर काही विचार न करता चालतात. नवे जड गेम मीडियमवर आणि डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) लावून. रे ट्रेसिंग, म्हणजे गेममधला खऱ्यासारखा उजेड-सावली, नावापुरतं. चित्ररथांचं फोर-के शूटिंग एक्स्पोर्ट करायला आधी रात्र जायची, आता जेवून उठेपर्यंत तयार असतं.

मेमरीबद्दल मात्र माझं मत बदललं. ८ वरून ६ जीबी, मेमरीकडं जायची वाट (बस) १२८ ऐवजी ९६ बिटची, कोअर २५६० ऐवजी २३०४, आणि नाव तेच! घेताना हे फार खुपत होतं. पण आमची पोरगी बेळगावला इंजिनिअरिंगला आहे, ती सुट्टीला आली की ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरवर बसते. पंख्यासाठी कार्ड गेलं होतं तेव्हा तिला नुसत्या आय५ वर रेंडर करायला, म्हणजे सीनचं तयार चित्र काढायला लागलं. वाड्याचा एक चौक, चार खांब, तुळशीवृंदावन, एवढा एक फोटो निघायला सगळी दुपार गेली. कार्ड आल्यावर तोच सीन ऑप्टिक्सवर (कार्डाकडून रेंडर करून घ्यायची सोय) लावला, चहा गाळून आणेपर्यंत चित्र समोर. मेमरी साडेचार जीबीच्या पुढं गेलेली दिसत होती, म्हणजे ४ जीबीच्या कार्डावर हा सीन मावलाच नसता. तेव्हापासून ६ जीबीबद्दलची माझी कुरकुर संपली. नावाबद्दलची नाही. दोन वेगळ्या कार्डांना एकच आकडा देणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

पॉवर सप्लाय नवा घालायची तयारी असेल तर हे घेऊ नका, सरळ आरएक्स ६६०० बघा. जुना टॉवर आहे तसा वापरायचा असेल तर घ्या, पण दुकानात नुसतं "३०५०" मागू नका. खोक्यावर ६ जीबी लिहिलंय का बघा, कार्डाला पिनची जागा नाही ना ते बघा, कारण काही जण जुनं ८ जीबीवालं पुढं करतात आणि ते घरी येऊन चालूच होणार नाही. आणि घाटाच्या पलीकडून घेणार असाल तर बिलावर सिरियल नंबर दुकानदाराच्याच हातानं लिहून, शिक्का मारून घ्या.