रुग्णालयाच्या ग्रंथालयासाठी जर्नल निवडताना: एनएलएम कॅटलॉगचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमचं रुग्णालय ट्रस्टचं, डीएनबी या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचे रेसिडेंट डॉक्टर असलेलं. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची जर्नल-वर्गणीची योजना सरकारी संस्थांसाठी आहे, त्यामुळे आमची प्रत्येक वर्गणी पदरच्या पैशातून जाते. एक जर्नल चुकीचं घेतलं की दुसऱ्या विभागाची मागणी वर्षभर मागे पडते. म्हणून एप्रिलपासून प्रत्येक नाव अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या (एनएलएम) कॅटलॉगात तपासायला लागले. तो फुकट आहे, नोंदणीही लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात डोळे उघडले. पुरवठादाराच्या यादीत एका जर्नलपुढे 'पबमेडमध्ये उपलब्ध' असं छापलं होतं. पबमेड म्हणजे वैद्यकीय लेख शोधायचं एनएलएमचंच संकेतस्थळ. आधी मी एवढ्यावरच सही घेत असे. कॅटलॉगात आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, टाकला, तर ते मेडलाइनमध्ये, म्हणजे एनएलएमच्या निवडक जर्नलांच्या सूचीत, नव्हतंच. पबमेडमध्ये मेडलाइनशिवाय पबमेड सेंट्रल या मोफत लेखसंग्रहातलेही लेख दिसतात. अमेरिकी सरकारच्या अनुदानावर काम करणारे लेखक आपला लेख तिथे जमा करतात, मग तो कुठल्याही जर्नलात आलेला असो. म्हणजे असे दोन-चार लेख दिसले म्हणून अख्खं जर्नल तपासून घेतलंय असं होत नाही. मेडलाइनसाठी मात्र जर्नलचीच छाननी होते. तिथल्या जर्नलांची संख्या पाच हजारांच्या थोडी वर आहे.

शोध नावाने घेऊ नका, आयएसएसएननेच घ्या. एका शब्दाच्या फरकाची नावं फार आहेत. जर्नलचं आधीचं नावही नोंदीत मिळतं, त्यामुळे कपाटातल्या जुन्या बांधीव खंडांचा धागा जुळला.

पण आपल्या वॉर्डात काय लागतं, हे कॅटलॉग सांगणार नाही. त्यासाठी मी काउंटरवर वही ठेवली: कोणी काय मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं. सर्पदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा वारंवार लिहिलेली निघाली. महागड्या परदेशी जर्नलांत त्यावर फारसं हाती लागलं नाही. आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) १९१३ पासूनचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' ऑनलाइन मोफत वाचता येतात, तेव्हा त्यांचे दुवे वाचनकक्षातल्या संगणकावर लावून ठेवले. मेडलाइनमध्ये नाही म्हणून जर्नल वाईट, असंही मी धरत नाही; तिथे संपादक मंडळ आणि मागचे अंक स्वतः चाळते.

डिसेंबरच्या नूतनीकरणात दोन वर्गण्या थांबवल्या. त्या पैशांत भूलशास्त्राच्या मुलांनी वहीत सहा वेळा लिहिलेलं जर्नल आलं.