कोल्हापुरातल्या स्पेशल वर्गाचा वर्षभराचा अनुभव: डायरी देत असतील तरच फी भरा

शाळेचं नाव टाकत नाही, पोरगं अजून तिथंच आहे. पोराला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे. त्यात काय काय असतं, थेरपी म्हणजे काय हे इथं वाचणाऱ्या आईबापांना पाठ असतंय, त्यामुळं ते परत सांगत बसत नाही. आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसात माझं जोरात भांडण झालंय.

आधीच्या शाळेनं तिसरीत "याला दुसरीकडं बघा" म्हणून दाखला हातात द्यायची तयारी केलेली. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ प्रमाणं आठवी होईपर्यंत पोराला शाळेतनं काढता येत नाही, हे लेखी दिल्यावर दाखला थांबला पण रोज व्हरांड्यात बसवायला लागले, म्हणून इथं आलो. महिना ४५०० फी, व्हॅनचे वेगळे. शिरोली एमआयडीसीतल्या पगारावर हे जड जातंय. सवलत म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, पण नुसता एडीएचडी वेगळा म्हणून नाही. म्हणजे आमच्यासारख्यांनी खिशातनंच भरायचं.

पहिले काही महिने पैसे वाया चाललेत असंच वाटायचं. अभ्यास अगदीच थोडा, गणित तर मागच्याच इयत्तेतलं. पण डायरी! साधी दोनशेपानी वही, बाईंनी पट्टीनं तीन रकाने पाडलेले: आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग आम्ही काय केलं. त्यातलं एक पान असं: "११.२०, ग्राउंडवर कवायतीची शिट्टी. कानावर हात, बाक ढकलला, शेजाऱ्याची पेन्सिल मोडली. कोपऱ्यातल्या चटईवर बसवलं, कोणी बोललं नाही. ११.३५ ला स्वतः उठून जागेवर आला."

अशी पानं साठत गेली तसं मला आणि बायकोला दिसायला लागलं की पोरगं उगाच पेटत नाही. मोठा आवाज झाला, किंवा न सांगता काही बदललं, की मगच. आमच्या फौंड्रीत कास्टिंग रिजेक्ट झालं की मेटल किती तापलेलं, वाळूत ओल किती होती हे मागं जाऊन बघतातच की, पोराच्या बाबतीत मात्र सगळे शिक्का मारून मोकळे! आता रंकाळ्यावर संध्याकाळच्या गर्दीत न्यायचं बंद केलंय, रविवारी सकाळी लवकर जातो, तासभर मस्त फिरतंय. पाहुणे येणार असले तर आदल्या रात्री सांगतो. घरातली निम्मी भांडणं एवढ्यानं कमी झाली. त्यामुळं "पैसे वाया" हे माझं मत मी मागं घेतो.

आणि दिवाळीनंतर यांनी डायरी बंद करून ॲप आणलं, त्याचे वर्षाला वेगळे ६०० रुपये. ॲपमध्ये काय, तर हिरवा स्टार नाहीतर लाल स्टार. गेल्या आठवड्यात लागोपाठ लाल स्टार यायला लागले, व्हॅनवाले मामा म्हणाले उद्यापासनं नेत नाही, बाटली फेकून मारली. का मारली हे ॲपला माहिती नाही, ऑफिसला नाही, "बिहेवियर इश्यू आहे सर" एवढंच. शेवटी मामांनाच शांतपणे विचारलं तेव्हा कळलं, नवीन पोर आल्यामुळं याची खिडकीची जागा बदललेली, आणि कुणीच याला आधी सांगितलं नव्हतं. तीन रकान्यांच्या वहीत हे पहिल्याच दिवशी कळलं असतं!

भांडलो. ६०० भरणार नाही म्हणून लिहून दिलं. बाई आमच्या बाजूनं उभ्या राहिल्या, त्यांचे मनापासून आभार, एवढ्या पोरांत रोज असं बारीक लिहून ठेवणं सोपं नाही. सोमवारपासनं वही परत चालू, ६०० चा निकाल अजून लागायचाय. व्हॅनसाठी एक छोटी वही मी स्वतः मामांना दिलीय, खिडकीपण परत मिळाली.

ॲडमिशन घ्यायला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यांचा आरसीआयचा (स्पेशल शिक्षकांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन नंबर, आणि नाव झाकून कुठल्याही पोराच्या डायरीचं एक पान. स्मार्ट बोर्ड, एसी, रंगीत खोल्या दाखवतील, ते नंतर बघा. पान दाखवता येत नसेल तर ॲडव्हान्स देऊ नका.