आमच्या तालुक्याचं उपजिल्हा रुग्णालय: बाळंतपणाला उत्तम, तांड्यावरच्या माणसाला अवघड

५ पैकी ३ तारे. यातले बहुतेक लेबर रूमचे आहेत.

मी तालुक्याच्या गावात कापड दुकानात हिशेब लिहिते. माहेर तांड्यावरचं, आईबाप ऊसतोड कामगार. घरात कुणाचंही दुखणं निघालं की मला फोन येतो, त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या या रुग्णालयात माझं सारखं जाणं-येणं असतं.

आधी चांगलं सांगते. धाकट्या बहिणीचं बाळंतपण इथंच झालं. रात्री १०२ ची गाडी तांड्याच्या फाट्यापर्यंत आली. सिझर झालं, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडायला गाडी, कशालाच रुपया लागला नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे सगळं मोफत आहे, पण गरजेच्या वेळी, मध्यरात्री ते खरंच हाती पडणं मोठी गोष्ट आहे. खासगीत ४० हजार सांगितले होते. म्हणजे मुकादमाकडून आणखी उचल (आगाऊ पैसे) आणि ती फेडायला आणखी एक हंगाम. बहीण घाबरून थरथरत होती तेव्हा एक सिस्टर ड्युटी संपलेली असूनही तिच्याजवळ थांबल्या. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

ओपीडीत मात्र दुसरंच चित्र आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं, तशी पाटी दारातच आहे. तरी माझ्या याडीला, म्हणजे आईला, इथं यायला पैसे लागतातच. फाट्यापर्यंत पायी, पुढं काळीपिवळी, सोबत कुणीतरी, आणि दोघांचीही त्या दिवसाची मजुरी बुडते. आता केसपेपरच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलाय. मोबाईलवर आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) असेल तर स्कॅन करून टोकन मिळतं आणि रांग टळते. सोय चांगली आहे, मीही वापरते. पण याडीकडं बटणाचा फोन आहे. पहाटे तांड्यावरून निघालेल्या बाया खिडकीपुढं उभ्याच असतात आणि गावातला नोकरदार मागून येऊन त्यांच्या आधी डॉक्टरांसमोर बसतो. दुपारी खिडकी बंद होते तेव्हा रांगेत लांबून आलेलेच उरलेले असतात.

याडीला शुगर आणि बीपी दोन्ही आहे. ती घरात गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली बोलते. मराठी कळतं, पण डॉक्टरांसमोर तोंडातून शब्द निघत नाही. एकटी गेली तर "काय होतंय?", "चक्कर येती", की लगेच चिठ्ठी हातात. मी बरोबर असले की तिला बसायला स्टूल मिळतं, पाय बघितले जातात, रक्त तपासायला पाठवतात. मला "मॅडम, बसा" आणि तिला "ए मावशी, सरक तिकडं." डॉक्टर तेच, आजारही तोच. एका सकाळी एवढे पेशंट बघणाऱ्या माणसाची दमछाक मला दिसते. पण थकलेला माणूस कुणावर खेकसतो आणि कुणावर नाही, हेही दिसतं, आणि ते मला मान्य नाही.

खरी अडचण दसऱ्यानंतर सुरू होते. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिने परतत नाहीत. इथून गोळ्या मिळतात महिन्याभराच्या. त्या संपल्यावर काय करायचं? फडापासून आरोग्य केंद्र लांब. ते उघडं असतं तेव्हा तोड चालू असते, मोळ्या वाहायच्या असतात. एक दिवस घरी राहिलं तर मुकादम खाडा लावतो, म्हणजे मजुरी जाते आणि वर दंड. मागच्या हंगामात याडीच्या गोळ्या अशाच संपल्या. पाचटानं पायाला जखम झाली, ती तशीच चिघळत राहिली आणि परत आल्यावर अंगठा काढावा लागला. महिन्याच्या गोळ्यांचा हिशेब बारा महिने एकाच घरात राहणाऱ्या माणसासाठी मांडलेला आहे. आमच्यासाठी कुणी मांडलाच नाही.

बायकांच्या दुखण्याचं तर विचारूच नका. स्त्रीरोग ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस. बाकीच्या दिवशी अंगावरून जातंय हे भरल्या खोलीत पुरुष डॉक्टरांना सांगायचं, ते तांड्यावरच्या बाईला जमत नाही. सोनोग्राफीला पुढची तारीख मिळते आणि त्या तारखेला ती फडावर असते. मग उसनवारी करून खासगीत जाते आणि तिथं गर्भपिशवी काढायचा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. माझ्या मोठ्या भावजयीचीही काढलेली आहे. तेव्हा ती तिशीचीही नव्हती. आज तिची कंबर सतत दुखते आणि तरी ती कोयता धरते.

तर बाळंतपण, अपघात, साप-विंचू यासाठी बिनधास्त इथं या, वेळ घालवू नका. ओपीडीला येताना आधार, जुने केसपेपर आणि संपलेल्या गोळ्यांची पाकिटं आणा, म्हणजे कुठली गोळी चालू होती ते डॉक्टरांना कळतं. शक्य असेल तर बोलणारं माणूस सोबत घ्या. कुणी अडवलं, बाहेरून औषध आणायला लावलं, तर १०४ वर तक्रार करता येते.

तांड्यावरच्या बायांनी मिळून रुग्ण कल्याण समितीला अर्ज दिलाय. टोळीला निघणाऱ्या बीपी-शुगरच्या पेशंटना हंगामभराच्या गोळ्या आणि आजाराची नोंद असलेलं कार्ड दसऱ्याआधी द्यावं, आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळीही ओपीडी ठेवावी, आणि केसपेपरच्या खिडकीशी गोरमाटी जाणणारं एक माणूस बसवावं, एवढंच मागितलंय. अर्जाची पोच माझ्याकडं आहे. पुढच्या बैठकीआधी आणखी सह्या हव्यात. ज्यांच्या घरातलं माणूस टोळीत जातं, त्यांनी बाजारच्या दिवशी रुग्णालयाच्या फाटकाशी यावं, कागद घेऊन आम्ही तिथंच असतो.