तुंब्याचं बी म्हणून लाल भोपळ्याचं बी विकलं : ऐरोलीतला माझा अनुभव

माझ्या सासऱ्यांची एकतारी त्यांच्या वडिलांकडून आलेली. २०२४ च्या माघात तिच्या भोपळ्याला खालून चीर गेली आणि आवाज चिरका येऊ लागला. अण्णा ८४ वर्षांचे आहेत. पहाटे एकतारी घेऊन बसल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. ऐरोलीला आमच्या रो-हाउसच्या मागे दहा बाय पंधरा फुटांची माती आहे. तिथे मी दरवर्षी घोसाळी लावते. कोवळी भाजीला जातात आणि शेवटची चार-पाच वेलावरच वाळू देते. त्यांच्या जाळीने आम्ही अंघोळीला अंग घासतो आणि भांडीही घासतो. म्हणून मनात आलं, अण्णांच्या एकतारीचा भोपळाही, म्हणजे तुंबा, आपल्याच मातीत पिकवू.

फेसबुकवर 'पंढरपूरचं वारसा तुंबा बियाणं' अशी जाहिरात दिसली आणि मी तिथल्या नंबरवर फोन केला. विक्रेत्याचं बोलणं इतकं माहितीचं होतं की शंका घ्यायला जागाच वाटली नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, हे त्याने सांगितलं आणि ते खरं आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही खरं. पण त्याला जोडूनच तो म्हणाला, "म्हणजे ताई, आमच्या बियाला सरकारी मानांकन आहे." मानांकन वाद्यांना आहे, कुणाच्या पाकिटातल्या बियांना नाही. दोन खऱ्या गोष्टींच्या मागे तिसरी खोटी गोष्ट चालत आली आणि मी तिलाही घरात घेतलं.

१२ बियांचे १,५०० रुपये. वर 'हमी खरेदी नोंदणी' म्हणून ४,००० रुपये, परत मिळणारे. प्रत्येक वाळलेला तुंबा २,५०० रुपयांना आम्हीच घेऊ, असं त्याचं वचन होतं. मला भोपळे विकायचेच नव्हते, तसं मी सांगितलंही. पण नोंदणीशिवाय बी देत नाही म्हणाला. तिथेच फोन ठेवायला हवा होता. बी विकणाऱ्याने पीक विकत घ्यायची हमी दिली आणि तिच्यासाठी आधी पैसे मागितले, तर त्याचा धंदा त्या आधीच्या पैशांवरच चाललेला असतो.

पाकीट आलं. सोनेरी अक्षरात नाव, मागे तंबोऱ्याचं चित्र. लॉट नंबर नाही, उगवणशक्तीची टक्केवारी नाही, तपासणीची तारीख नाही, पत्ताही नाही. विचारलं तर म्हणाला, "देशी बियाला लेबल लागत नाही, शेतकऱ्याला कायद्याने सूट आहे." नंतर मी तो कायदा वाचला. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याप्रमाणे शेतकरी स्वतःचं बी राखू शकतो, वाटू शकतो, विकूही शकतो, मात्र ब्रँड लावून नाही. ह्याचं पाकीट ब्रँडचं आणि सवलत शेतकऱ्याची. दोन्ही एकदम मिळत नाही.

आता बियांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पाहायची जागा तीच होती. तुंबा म्हणजे दुधीच्याच जातीचा, कडक सालीचा भोपळा. त्याचं बी चपटं, लांबट, खाकी-तपकिरी असतं. एक टोक रुंद आणि जवळजवळ चौकोनी असतं, पाठीवर उभ्या रेघा असतात. घोसाळ्याचं बी काळं. माझ्या पाकिटातल्या बिया पांढरट होत्या, अंडाकृती, एका टोकाला निमुळत्या, कडेला सारखी गोल किनार. त्यातल्या काहींवर गुलाबी पूड होती, बोटाला लागत होती. ती बुरशीनाशकाची पूड असते, कंपन्या आपल्या बियांना लावतात. ऐंशी वर्षं घरात राखेत जपलेलं बी, असं विक्रेता सांगत होता. त्याला ती कुठून येणार? मी ती पूड पाहिली, हात धुतले आणि बिया पेरल्या. इतकी वर्षं घोसाळ्याचं बी हाताळूनही ही खूण मला तेव्हा कळली नाही, ह्याचं आजही वाईट वाटतं.

१० जूनला आठ बिया लावल्या, चार ठेवून दिल्या. सात उगवल्या. मांडव बांधला, शेणखत घातलं, पाणी साचू नये म्हणून मातीचे उंचवटे केले. अण्णा रोज सकाळी काठी टेकत मागे येऊन विचारायचे, "फूल आलं का गं?" तुंब्याचं फूल पांढरं असतं, संध्याकाळी उमलतं आणि त्यावर रात्रीचे पतंग येतात. आपल्याकडे पतंग येतील की नाही, म्हणून हातानेच परागीभवन करायला मऊ ब्रश आणून ठेवला होता. जुलैच्या शेवटी कळ्या धरल्या. दोन संध्याकाळी मी टॉर्च घेऊन थांबले, एकही उमलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं तर मांडवावर पाच मोठी पिवळीधमक फुलं.

शेजारच्या गावठाणातल्या आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "पोरी, यो त तांबरा भोपला हाय." पानांवरचे पांढरे ठिपके त्यांनी आधीच पाहिले होते. मी एवढ्या हौशीने सांगत होते, म्हणून बोलल्या नव्हत्या.

सातपैकी सहा वेल लाल भोपळ्याचे निघाले. सातवा दुधीसारखा, पांढऱ्या फुलांचा. त्याला मुठीएवढी गोल फळं धरली. कोवळ्या फळाची चकती कापून मी जिभेला लावली आणि लगेच थुंकले, जहर कडू. इथे सगळ्यांना हात जोडून सांगते, कडू दुधी एक घासही खाऊ नका, त्याचा रस तर अजिबात नको. त्यातल्या कुकुरबिटासिन ह्या द्रव्याने जोराच्या उलट्या होतात, रक्तही पडतं, माणसं दगावलेली आहेत. शिजवून कडूपणा जात नाही. असल्या मिसळीच्या पाकिटातलं बी कुणी भाजीसाठी म्हणून लावलं असतं तर काय झालं असतं, ह्या विचाराने मला हे लिहायला बसवलं आहे.

विक्रेत्याला फोटो पाठवले. तोवर तो रोज उत्तर देत होता, 'वेल छान आहे ताई' म्हणत होता. बियाण्यातली फसवणूक कळायला पन्नास दिवस लागतात आणि तेवढे दिवस गोड बोललं की काम होतं. तोवर ऑनलाइन खरेदीची परत करायची मुदत संपते, जाहिरात काढून टाकलेली असते, आणि पावसाळाही हातचा जातो. दोन दिवसांनी उलट त्याचाच फोन आला, चूक झाली, सगळे पैसे परत देतो. क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करून पिन टाकला आणि खात्यातून आणखी ४,००० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी पैसे परत येताहेत एवढंच डोक्यात होतं. मुलाने लगेच १९३० वर फोन लावला आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मिळाला आहे, पैसे अजून नाहीत. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, मी पाकिटाचे आणि उरलेल्या चार बियांचे फोटो दिले. त्या बिया फेकून दिल्या नाहीत हे बरं झालं, कारण फुलाआधीचा पुरावा तेवढाच आहे.

कार्तिकीला हे पंढरपूरला गेले होते. दिंडीतल्या ओळखीने मंगळवेढ्याच्या एका शेतकऱ्याकडे पोचले. त्या माणसाने बी विकत दिलं नाही. वाळलेला अख्खा तुंबा हातात दिला आणि म्हणाला, हलवून बघा, फोडा घरी गेल्यावर. आत खुळखुळ वाजत होतं. जवळपास दुसरा दुधी असेल तर बियात भेसळ होऊ शकते, हेही त्याने स्वतःहून सांगितलं. आणि म्हणाला, तुमच्याकडे पावसात लावू नका, फळ कुजेल. जानेवारीत लावा, म्हणजे पावसाआधी साल पक्की होईल. खोट्या विक्रेत्याने मात्र गॅलरीतल्या कुंडीतही तंबोऱ्याचा भोपळा येतो म्हणून सांगितलं होतं.

तुंबा आम्ही अण्णांसमोर फोडला. त्यांनी बिया तळहातावर घेऊन मोजल्या, मग माझ्याकडच्या चार पांढऱ्या बिया मागितल्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिले. एकतारीच्या चिरेवर सध्या सुती कापडाची पट्टी डिंकाने चिकटवली आहे. पहाटे त्याच एकतारीवर ते बसतात.