डिझर्टेशनसाठी (एमएच्या शोधप्रबंधासाठी) लॅब, फील्ड की गुगल फॉर्म?

सायकॉलॉजीत एमए करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, आणि उत्तर ठरलेलं मिळतं: लॅबमध्ये कंट्रोल मिळतो, फील्डमध्ये एक्स्टर्नल व्हॅलिडिटी मिळते, म्हणजे निकाल बाहेरच्या खऱ्या आयुष्यालाही लागू होतात. मला हे अर्धवट वाटतं. आज्ञापालनाच्या विषयात तिन्ही प्रकार झालेत, तेच शेजारी ठेवून बघू.

लॅब म्हणजे मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम, १९६३ चा पेपर. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ४० पुरुष आले, पोस्टातले कारकून, शिक्षक, मजूर असे, आणि २६ जण (६५ टक्के) प्रयोग घेणाऱ्याच्या सांगण्यावरून समोरच्याला शॉक देत (शॉक खोटा होता) ४५० व्होल्टपर्यंत गेले. आता हे येलच्या नावामुळे झालं का? तर त्याने तोच प्रयोग ब्रिजपोर्ट या दुसऱ्या शहरात एका साध्या ऑफिसात, येलचं नाव न घेता केला आणि ६५ टक्क्यांचे ४७.५ झाले. लॅबची खरी ताकद ही आहे, जागा बदलून निकाल टिकतो का ते तपासता येतं.

फील्ड म्हणजे हॉफलिंग या संशोधकाचा अभ्यास, १९६६. खरं हॉस्पिटल, ड्यूटीवरच्या नर्स, फोनवर अनोळखी डॉक्टर सांगतो की अमुक औषध २० मिलिग्रॅम द्या, डबीवर लिहिलंय जास्तीत जास्त १०, तरी २२ पैकी २१ जणी द्यायला निघाल्या! वाचून वाटतं की बघा, खऱ्या आयुष्यात तर आणखीच वाईट. पण १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन या संशोधकांनी औषध ओळखीचं घेतलं, व्हॅलियम, डॉक्टरचं नावही ओळखीचं, आणि नर्सना सहकाऱ्यांना विचारायला वाव ठेवला, तेव्हा १८ पैकी फक्त २ जणी तयार झाल्या. दोन्ही अभ्यास फील्डमधलेच की! म्हणजे खरा वॉर्ड असला म्हणून निकाल सगळ्या वॉर्डांना लागू होत नाही, त्या वेळी माणसाला काय माहीत होतं आणि कुणाला विचारता येत होतं यावर सगळं फिरतं.

फॉर्मचं लवकर आटपतो. हॉफलिंगने १२ नर्सना नुसतं विचारलं होतं की तुम्ही काय कराल, त्यातल्या १० म्हणाल्या आम्ही देणार नाही. वागणुकीचा अभ्यास असेल तर नुसत्या फॉर्मवर जाऊ नका, मतं जाणून घ्यायची असतील तर चालेल.

माझं मत विचाराल तर, "कशामुळे होतं" हा प्रश्न असेल तर लॅब घ्या, पण दोन वेगळ्या ठिकाणी करा, एक आपलं कॉलेज आणि एक बाहेरचा गट, जमल्यास नोकरी करणारे लोक. "आपल्याकडे कितपत होतं" असा प्रश्न असेल तर फील्ड, पण एकाच हॉस्पिटलवर किंवा शाळेवर थांबू नका, आणि फील्डमध्ये लोकांना न सांगता काही करणार असाल तर एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला नैतिक परवानगी देणारी समिती) पहिल्या सेमिस्टरलाच जा, तिथे वेळ लागतो.